बरफ कित्याक?

"कळी गळली गो बाये, माती तिची आवस झाली,
तुझी नाय रवली, तरी परक्याची नाय झाली."

शिरोड्याच्या किनाऱ्यावर, उंडीच्या झाडाखाली हातभर खड्डा उकरताना सत्यवतीच्या आईने, काशीबाईने, ही ओवी म्हटली होती. तिचं चौथं मूल पोटातच गेलं होतं; आता मातीच त्याची आवस, आई. सत्यवती तेव्हा सात वर्षांची. आईचा आवाज रडका नव्हता. समुद्राला बजावून सांगावं तसा होता.

पंचवीस वर्षांनी, २००७ साली, खाजगी हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्या पडल्या तोच आवाज सत्यवतीच्या कानात घुमत होता. पाचव्या महिन्यात पोटातली चाहूल थांबली, आणि आज सकाळी ती मोकळी झाली. मुलगी. नवरा भिकाजी बोटीवर गेलेला, संध्याकाळपर्यंत यायचा नव्हता.

मॅनेजर कागद घेऊन आला. "इथे सही करा. तपासणीला पाठवायचंय. नेहमीचंच असतं."

त्याच्यामागे नर्मदा उभी होती. हॉस्पिटलातली आया, आणि सत्यवतीची सख्खी आते. तिच्या हातात थर्माकोलचा पांढरा डबा होता.

डबा सत्यवतीने लगेच ओळखला. असल्याच डब्यात ती रोज सुरमई भरत असे.

"आते, त्यात काय गो?"

नर्मदाने डबा घाईघाईने पाठीमागे घेतला. झाकण सरकलं आणि बर्फाचा चुरा फरशीवर सांडला.

"बरफ? बरफ कित्याक?"

"खराब होऊ नये म्हणून," मॅनेजर म्हणाला.

"सायबानू, मी बाजारात बसतंय. घराक खावचो मासो सरळ चुलीर जाता. बरफ घालतत तो विकूच्या माशाक." ती कोपरावर उठली. "माझा चेडू कोणाक विकतास?"

शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

"भलतंसलतं बोलू नका. विज्ञानाचं काम आहे. आजारी माणसं बरी होतात त्यातून. तुम्ही तरी काय करणार? पुरणारच ना? मातीत जाऊन काय उपयोग?"

"उपयोग?" सत्यवतीचा आवाज चढला. "ती उपयोगाक इली नव्हती. माझ्याकडे इली हुती. बरा, कोण बरा होता ता सांगा. एका आजाऱ्याचा नाव सांगा, आत्ता सही करतंय."

मॅनेजरने घड्याळाकडे पाहिलं. "नर्मदाबाई, डबा गाडीत ठेवा."

या वॉर्डात नर्मदाने आजवर 'हो साहेब' याखेरीज दुसरं काही म्हटलं नव्हतं, तेही शुद्ध मराठीत. ती दाराकडे दोन पावलं गेली. थांबली. परत आली, आणि डबा तिने सत्यवतीच्या मांडीवर ठेवला.

"नर्मदाबाई! नोकरी नकोय का?"

"तुमचा तुमका ऱ्हवांदे," ती म्हणाली आणि भाचीकडे वळली. "आजारी कोण नाय गो बाये. गाडी बांदा गावावरून पुढे जाता, एका क्लिनिकात. थंय पैशेवाल्यो बायका येतत. तोंडावरच्यो सुरकुत्यो जाव्यात म्हणान ह्या डब्यातल्यापासून केलेल्या औषधाच्यो सुयो टोचून घेतत. नव वर्सा डबे मीच भरतंय. माका पयल्या डब्यापासून ठावक हुता."