वडिलांच्या नावाचं नाणं

मी बोलतेय, स्वयंपाकघरातल्या फळीवरची दानाची डबी. आवाज जरा कापतोय, तेवढं समजून घ्या. जे पाहिलं ते अजून माझ्या पोटात मावत नाहीये, आणि माझं पोट तसं मोठं आहे.

जन्माने मी बिस्किटांची पत्र्याची डबी. पत्रेकाम करणाऱ्या एका तरुणाने नव्या संसारात माझं झाकण कथलाचा डाग देऊन कायमचं बंद केलं, वर नाण्यापुरती खाच पाडली आणि मागे कुलपाचं छोटं दार बसवलं. नवी नवरी शेजारी बसून बडबडत होती, त्याचं लक्ष उडालं आणि डाग वाकडा गेला. "बायकोकडे बघा नाहीतर डबीकडे, दोन्ही कसं जमेल?" ती म्हणाली, आणि दोघं पोट धरून हसले. त्याच्या अंगठ्याचं अर्धं नख कातरीने गेलेलं होतं. तो खरखरीत अंगठा माझ्या अंगावरून फिरला तो माझा पहिला स्पर्श.

घर यहुदी. त्यांच्या शास्त्राचा नियम साधा आहे: कमाईतला दहावा हिस्सा आपला नसतोच, तो गरिबाचा. आपण नुसते राखणदार. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या पवित्र विश्रांतीदिवसाच्या, मेणबत्त्या लावण्याआधी बाई माझ्यात नाणं टाकायची.

मग एके दिवशी तो तरुण कामाला गेला तो आलाच नाही. बाईने तान्ह्या मुलाला आणि मला घेऊन गाव बदललं. मुलगा बोलायला लागला, विचारायला लागला, तेव्हा ती म्हणाली, "तुझे वडील वारले." मीही खरं मानलं. डबीशी कोण कशाला खोटं बोलेल?

तेव्हापासून दरवर्षी, तो गेला त्या तारखेला, टेबलावर दिवसभर दिवा जळायचा. मुलगा प्रार्थनालयात जाऊन मृत वडिलांसाठी कद्दीशची प्रार्थना म्हणायचा, घरी येऊन त्यांच्या नावाने माझ्यात नाणं टाकायचा. बाई मात्र त्या दिवशी कधीच काही टाकायची नाही. मला वाटायचं, बिचारीचा दुःखाने हात उचलत नसेल.

सणाला प्रार्थनालयात मृतांच्या आठवणीची प्रार्थना होते. ज्यांचे आईवडील दोघंही हयात असतात, ते तेवढा वेळ बाहेर जाऊन थांबतात. बाकीची पोरं पायऱ्यांवर हुंदडायची आणि आमचा एवढासा जीव आत, म्हाताऱ्यांच्या घोळक्यात. पुढे तो शिंपी झाला. हाताला गुण होता, दुकान चांगलं चाललं.

यंदा त्याच तारखेला दुपारी दार वाजलं. दारात एक म्हातारा, बाह्या विरलेल्या. "काही मदत मिळाली तर," तो म्हणाला. मुलाने त्याला बसवलं, पाणी दिलं आणि मला खाली काढलं.

"काका, चांगल्या दिवशी आलात. आज माझ्या वडिलांची पुण्यतिथी. त्यांच्या नावाने देतो."

त्याने कुलूप काढून नाणी टेबलावर ओतली. म्हातारा दिव्याकडे बघत राहिला. मग त्याने मला उचललं, वळवलं, आणि त्याचा अंगठा नेमका वाकड्या डागावर येऊन थांबला. अर्धं नख नसलेला अंगठा. माझ्या पत्र्याला घाम फुटायचा बाकी राहिला.

"कधी वारले?" त्याने विचारलं.

"मी पाळण्यात होतो. आजच्याच तारखेला."

"आजच्या तारखेला मी घर सोडलं होतं," म्हातारा म्हणाला. "म्हणूनच पत्ता शोधत आज आलो. ही डबी माझ्या हातची आहे."

मागच्या दारातून बाई वाळलेले कपडे घेऊन आली आणि जागच्या जागी थिजली. कपडे खाली पडले, तिने उचलले नाहीत.

"आई, हे काय म्हणतायत?"

"खिडकीत बसून वाट बघशील म्हणून सांगितलं," ती म्हणाली. "मेलेल्याची वाट कोणी बघत नाही."

मला अक्षरशः भोवळ आली. इतकी वर्षं मी ज्याच्या आत्म्याच्या शांतीसाठी नाणी गिळली, तो इसम कुठेतरी जेवून ढेकर देत होता. आणि जो हात मी दुःखाचा समजत होते, तो खोट्याचं ओझं वाहत होता.

म्हाताऱ्याने मला टेबलावर ठेवलं. शेवटी म्हातारा म्हणाला, "यातलं थोडं दे. जातो. पुन्हा येणार नाही."

मुलाचा हात नाण्यांकडे गेला, थबकला, आणि तो नाणी पुन्हा माझ्यात भरू लागला. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. मला वाटलं, झालं, आता याला हाकलणार.

"हे तुम्हाला देता येणार नाही," मुलगा म्हणाला. "हे गरिबांचं आहे. ऐपत असून जो बापाला गरिबांच्या वाट्यातून पोसतो, त्याला शाप लागतो असं शास्त्र सांगतं." त्याने स्वतःच्या खिशातून पाकीट काढलं. "माया आली म्हणून देत नाहीये. मुलगा आहे म्हणून देतोय."

"ते या घरात राहणार नाहीत," बाई म्हणाली.

"नाही राहणार. मागच्या गल्लीत खोली बघतो."

बाईने मान डोलावली. मग टेबलाशी आली आणि तिने दिवा विझवला.

परवा सण झाला. माझ्यावरची धूळ पुसताना बाई माझ्याशी बोलत होती, आजकाल बोलते. आठवणीची प्रार्थना सुरू झाली, म्हणाली, आणि आमचा अर्धी दाढी पिकलेला मुलगा उठून लहान पोरांबरोबर बाहेर गेला. अख्ख्या प्रार्थनालयाने माना वळवल्या. कुणाला वाटलं, पोट बिघडलं असेल. "पायरीवर उभा राहून रडत होता गं," ती मला म्हणाली. "हे त्याला लहानपणीच मिळायला हवं होतं. मी मिळू दिलं नाही."

म्हाताऱ्याने निरोप पाठवलाय, डाग सरळ करून देतो म्हणून. अजून कोणी उत्तर दिलेलं नाही. माझं कोणी ऐकणार असेल तर हात जोडून सांगते, डाग आहे तसा राहू द्या. आणि मेलेल्यांच्या नावाने माझ्यात जरूर टाका, पण आधी तो माणूस खरंच मेलाय ना, तेवढं विचारून या.