सात नंबरचा कॅल्क्युलेटर

"दुसऱ्याच्या हातात देण्याआधी यंत्राची आठवण पुसायची. रोज, न चुकता." निवृत्त होताना गणिताच्या सरांनी बारा कॅल्क्युलेटरची पेटी माझ्या स्वाधीन करत सांगितलं होतं, आणि मी मान डोलावली होती.

काल दोन तुकड्यांची परीक्षा झाली. एक सकाळी, एक दुपारी. मॅट्रिक्सचा प्रश्न तोच, तीन समीकरणांचा. आकडे तेवढे वेगळे. दुपारच्या तुकडीतल्या एका मुलीनं उत्तर लिहिलं: तीन, उणे एक, चार. दुपारच्या आकड्यांचं हे उत्तर नव्हतंच. ते सकाळच्या पेपरचं होतं, तंतोतंत. त्यात तिची मावसबहीण सकाळच्या तुकडीत. आणखी काय हवं? मीच मोठ्या बाईंच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, उद्या चारपर्यंत तिच्याकडून कबुली लिहून घ्या. पेपर रद्द होईल आणि शिष्यवृत्तीही जाईल.

आज तीनच्या सुट्टीत तिला बोलावलं. तशी ती एरवीही मिठाची गुळणी धरलेली. पेनाचं टोपण काढत-घालत उभी राहिली, माझ्याकडे बघेना. मशीनवरच केलं, एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होती.

"मग माझ्यासमोर कर," मी म्हटलं. "खरी ठरलीस तर मोठ्या बाईंना मी स्वतः जाऊन सांगेन. शब्द देते."

शब्द दिला खरा, पण आता पितळ उघडं पडणार याची मनातून खात्री होती.

पेटी कालपासून कुलपातच होती. तिनं आपला सात नंबरचा कॅल्क्युलेटर काढला. मॅट्रिक्स साठवायचा पहिला कप्पा, ए, उघडला; त्यात आकडे होते. बी मध्येही होते. ते तसेच सोडून ती सी वर गेली. मी विचारलं, ए का सोडलास?

"त्यात कुणाचं तरी होतं, बाई. दुसऱ्याचं न विचारता कसं पुसायचं?"

सी आणि डी मध्ये दुपारच्या पेपरचे आकडे भरलेले होते. एकही चूक नाही. मग वर्षभराच्या सवयीनं तिची बोटं चालली, सी-डी ऐवजी: ए चा व्यस्त, गुणिले बी.

पडद्यावर आलं: तीन, उणे एक, चार.

ती पडद्याकडे बघत राहिली, मी पेटीकडे. दोन तुकड्यांच्या मधल्या अर्ध्या तासात बाराही कॅल्क्युलेटर मी पुसायचे होते. त्या अर्ध्या तासात मी काय करत होते? कोण कोणाची नातेवाईक, कुणाला कुणापासून लांब बसवायचं, याची यादी.

रोज संध्याकाळी देवापुढे दिवसभरातली एक चूक तोंडानं सांगायची, असा माझा नेम आहे. काल मी या मुलीची सांगितली होती.

"तू वर्गात जा, बाळ," मी म्हटलं.

चाराला दहा कमी होते. सात नंबरचा कॅल्क्युलेटर न पुसताच हातात घेतला, आणि मोठ्या बाईंच्या खोलीकडे जिना चढू लागले.