हिरव्या कोटाच्या मागे

माझी बायको भांडेनाशी झाली, तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलो.

मी टेलर. खाली दुकान, वर घर. संध्याकाळी मी अंगभर धागे घेऊन वर यायचो, ती ओरडायची, मग मी ओरडायचो, मग आम्ही जेवायला बसायचो. इतकी वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं. आणि एके दिवशी मी स्वयंपाकघरापर्यंत धाग्यांचा सडा घातला, तर ती म्हणाली, "असू दे, झाडून घेते." असू दे? त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

खोदून विचारलं तेव्हा कळलं, बाईसाहेब रोज संध्याकाळी चालायला जातात. कधीपासून, देव जाणे. त्या वेळी माझी मान मशीनवर खाली असते. जिन्यावरून हत्ती उतरला तरी मला पत्ता लागायचा नाही.

"कुठे जातेस?" मी विचारलं.

"चालायला."

"ते कळलं. पण कुठे?"

"कुठे नाही हो. नुसतं चालायला."

आता मला सांगा, माणूस कुठेही न जाता चालतो कसा? कापड हातात घेतलं की आधी ठरवावं लागतं, पँट की शर्ट. कात्री घेऊन नुसतं कापत सुटलं तर गिऱ्हाईक काय म्हणेल?

पण फरक तर डोळ्यांना दिसत होता. पूर्वी रात्रभर कूस बदलायची, आता पाठ टेकली की झोपते. जिना चढताना धाप लागायची, ती थांबली. आणि भाजी चिरताना गुणगुणते. गुणगुणते! मी धाकट्या मेव्हण्याकडे गेलो. त्याचं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे तो स्वतःला अर्धा डॉक्टर समजतो.

"चांगलंच आहे की, दाजी," तो म्हणाला. "चालल्याने बीपी उतरतं, साखर उतरते, डोकं शांत राहतं. तुम्हीही जा. पोट बघा जरा स्वतःचं."

"माझं पोट राहू दे. तिचा माझ्यावरचा राग कुठे गेला ते सांग."

"राग गेला तर तुम्हाला त्रास कसला?"

काय सांगणार त्या शहाण्याला? ज्या गिऱ्हाइकाला दुकान बदलायचं असतं, ते तक्रार करायचं सोडून देतं. हसून 'छान झालंय' म्हणतं आणि पुन्हा दिसत नाही. तीही मला सोडून निघाली असेल, असं माझ्या मनात आलं आणि मग ते निघेचना.

शेवटी एका संध्याकाळी मी दुकान लवकर बंद केलं. बाहेर येतो तर रस्त्याच्या टोकाला तिचा हिरवा कोट वळताना दिसला. तो मीच शिवलाय. कापड कमी पडलं म्हणून कॉलरखाली एक जोड दिलाय, तो माझ्याशिवाय कुणाला दिसणार नाही. हजार कोटांत मी तो ओळखीन. मी मागे निघालो.

काय चालत होती! बँकेच्या कोपऱ्यापर्यंत माझ्या पोटऱ्या भरून आल्या. लाकडाच्या वखारीपाशी दम लागला. पुढे पूल आला आणि काय झालं कोण जाणे, छाती मोकळी झाली. वारा अंगावर आला. मान वर करून बघितलं तर आभाळ केवढं मोठं! दुकानाच्या दारातून त्याची एक पट्टी दिसते फक्त. आठवडाभर एका जाकिटाची बाही बसत नव्हती, ती कशी बसवायची ते मला चालता चालता आपोआप सुचलं. मी चक्क खूश होतो. आपण बायकोच्या मागावर आहोत हे क्षणभर विसरलो, आणि आठवलं तेव्हा स्वतःचाच राग आला.

त्यातच एक गोष्ट खटकली. बायकोचा डावा खांदा जरा उतरता आहे, म्हणून त्या बाजूला मी जास्तीचं पॅड घातलंय. आणि इथे कोट डावीकडे चांगला फुगलेला! चालून चालून बाईचा खांदा सरळ झाला की काय? मेव्हण्याने हे सांगितलं नव्हतं. मला दुःख करावं की कोट उसवायला घ्यावा, काही समजेना.

कोट एका घराच्या पायऱ्या चढला. दार एका माणसाने उघडलं. हातातली पिशवी घेतली, खांद्यावर हात ठेवला.

"अगं ए!" मी रस्त्यातून ओरडलो.

बाई वळली. मी तिला जन्मात पाहिलं नव्हतं.

"हा कोट..." माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"चालताना ओळख झाली एका बाईंशी, त्यांनी दिला. त्यांना ढगळ व्हायला लागला होता. तुम्ही कोण?"

"मी टेलर."

"देव पावला! डावीकडे जरा फुगतो हो. नीट करून द्याल?"

मी मान डोलावली आणि पळ काढला.

घरी आलो तेव्हा पाय बोलत होते. सुटलो म्हणून आनंद व्हायला हवा होता, पण नीट होत नव्हता. बायको टेबलाशी बसून शेंगा सोलत होती. मी सगळं सांगून टाकलं. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग हसायची थांबली.

"पुलावर मी समोरून येत होते," ती म्हणाली. "हाक मारली तुम्हाला. माझ्या अंगावरून गेलात."

पूल आठवत होता, वारा आठवत होता, कॉलरखालचा जोडसुद्धा. समोरून कोण आलं ते काही केल्या आठवेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तू मला सोडून जाणार होतीस का?" मी विचारूनच टाकलं.

तिने पुढची शेंग घेतली. "रोज," ती म्हणाली. "घरातून निघताना वाटायचं, आज परत यायचंच नाही. तशीच चालत सुटायचे. मग हळूहळू डोकं निवायचं, राग गळून जायचा, सपाटून भूक लागायची. आणि घरी यावंसं वाटायचं."

"आणि आता?"

"आता निघताना तेवढं वाटत नाही."

तेवढं म्हणजे किती, हे विचारायची माझी छाती झाली नाही. "उद्यापासून मीही येतो बरोबर," मी म्हणालो.

"नको."

"का?"

"तुम्ही बरोबर असलात, तर मी परत येतेय की तुम्ही आणताय, हे मला कळणार कसं?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती जिना उतरली तेव्हा मी मशीन थांबवून दारात उभा राहिलो. तिच्या अंगात साधा स्वेटर होता, कुणीही न शिवलेला. ती जराशी पुढे झुकून चालते. पावलं लहान टाकते, पण भरभर. इतक्या वर्षांत मला हे माहीत नव्हतं. वळणावर दिसेनाशी झाली, तिने मागे बघितलं नाही.

मी दुकानाला कुलूप लावलं आणि उलट्या बाजूला चालायला लागलो. मला तरी परत यावंसं वाटतं का, ते एकदा बघायला हवं होतं.