घुंगरांची काठी

घाटंजीपासून रत्नागिरीपर्यंत आईने काठी सोडली नाही. एसटीत, रेल्वेत, रिक्षात ती घुंगरं बांधलेली काठी छुनछुन करत माझं डोकं खात होती. कारण माहीत होतं म्हणून गप्प बसले, नाहीतर मी गप्प बसणारी नाही.

आमचं शेत टिपेश्वरच्या जंगलाला लागून आहे. मागच्या हंगामात कापूस वेचताना आईच्या शेजारच्या ओळीतून नंदाबाईला वाघाने नेलं. दोघी जन्माच्या सोबतिणी. वाघाला चाहूल लागावी म्हणून आमच्याकडे सगळेच काठी आपटत, मोबाइलवर गाणं लावून शेतात जातात. पण आई त्यानंतर घराच्या परसातही तशीच जाते, आणि एकटी तर कुठेच जात नाही.

तिला जरा मोकळं वाटावं म्हणून ही सहल काढली. पहिल्या दिवशी थिबा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवलं होतं, हे ऐकल्यावर तिच्या प्रश्नांना ऊत आला.

"राजा बुद्धाले मानत होता?"

"हो."

"मंग वापस कवा गेला?"

"गेलाच नाही. इथंच मेला."

ती खिडकीतून समुद्र पाहत राहिली. "एवढं मोठं घर, पन कोंडलेलाच ना," म्हणाली. मला वाटलं, आता हिच्या डोक्यात उजेड पडेल. कसलं काय! बाहेर पडताना तिने आधी काठी शोधली.

दुसऱ्या दिवशी पहाटे किनाऱ्यावर कासवाची पिल्लं सोडणार होते. आई माझा दंड धरून, गाणं लावून, काठी आपटत वाळूत आली. कासवांची राखण करणारा माणूस हळूच म्हणाला, "काकी, गाणं बंद करा. काठीपण बाजूला ठेवा, पिल्लांच्या वाटेत काही नको."

आईने माझा दंड आणखी घट्ट धरला. "रुपाली, आपन वापस जाऊ."

"मंग एवढ्या दूर आलो कायले?" मी चिडलेच. बोलले आणि लगेच वाईट वाटलं.

तेवढ्यात त्याने टोपली कलती केली. लिंबाएवढी काळी पिल्लं वाळूवर सांडली आणि पाण्याकडे सरकू लागली. आईने गाणं बंद केलं. काठी माझ्या हातात दिली आणि उकिडवी बसली.

"याईची माय कुठी हाय?"

"अंडी घालून गेली काकी. ती परत येत नाही."

"मंग वाट कोन दाखवते?"

"त्यांची त्यांना कळते."

"अन् पान्यात खानारे?"

"खूप असतात."

"तरी जाते?"

"जातात."

एका पिल्लाला लाटेने उलटं करून मागे फेकलं. ते धडपडत सरळ झालं आणि पुन्हा निघालं. आई पुटपुटली, "नंदे, पाह्य वो." वर्षभरात तिने नंदाबाईचं नाव घेतलं नव्हतं.

शेवटचं पिल्लू दिसेनासं झालं, लोक चहाकडे वळले. पाहते तर आई रिकाम्या किनाऱ्यावर पाण्याच्या कडेने चालत निघालेली, लुगडं वर खोचून, एकटी. मी काठी घेऊन मागे धावले.

तिने न वळताच हात वर केला. "तू तिथीच थांब."

मी थांबले. रडू येत होतं. घुंगरं वाजू नयेत म्हणून मी ती मुठीत घट्ट धरून ठेवली.