डावा ब्रेक

"उजवा दाबा. हां, आता सायकल पुढे ढकलून बघा. छान. आता डावा."

रांगेत पुढे उभ्या असलेल्या दंतवैद्याने डावा ब्रेक असा काही आवळला, की मागचे चाक जागच्या जागी थिजले. सायकलवाल्याने मान डोलावली आणि हँडलच्या टोकाला बोट लावले.

"इथलं बूच कुठंय?"

"पडलं असेल कुठेतरी. त्यानं काय होतं?"

"तुम्ही आपटलात तर ही उघडी नळी पोटात घुसते. एवढंच होतं."

सायकलवाल्याने खिशातून बाटलीचे बूच काढले, तळहाताने ठोकून नळीत बसवले आणि दंतवैद्याला पुढे सोडले.

तळ्याकाठच्या मैदानात ट्रायथलॉनची आदल्या दिवशीची हजेरी चालू होती. सकाळी तळ्यात पोहायचे, मग टेकडीला सायकलने वळसा घालायचा आणि शेवटी धावायचे. पण त्याआधी आज प्रत्येकाने स्वतः यायचे, ओळखपत्र दाखवून नंबर घ्यायचा, हेल्मेटचा पट्टा आवळून दाखवायचा आणि तपासलेली सायकल आपल्या नंबरच्या आडव्या दांड्याला अडकवून जायचे. बायकोला पाठवून चालत नसे, उद्या बघू म्हणून चालत नसे. सायकल तपासायचे काम दरवर्षी सायकलवाल्याकडे असे. एरवी दुकानात गिऱ्हाइकाशी चार शब्द बोलायचे जिवावर येणारा हा माणूस इथे आला की त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू होई. आत येणाऱ्या प्रत्येक जिवाची काळजी आपल्याच डोक्यावर आहे, असे त्याला मनापासून वाटे.

"काय इन्स्पेक्टरसाहेब, आम्हाला सोडणार का?"

आवाज ओळखीचा होता. त्याचा थोरला भाऊ सायकल घेऊन उभा होता. पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचण्यात दादाची नोकरी सरली. पण ही शर्यत सुरू झाल्यापासून त्याने एकही वर्ष चुकवले नव्हते. आता तो सगळ्या स्पर्धकांत वयाने मोठा होता आणि ते लोकांना सांगायला त्याला फार आवडे.

सायकलवाल्याला पोहायला दादानेच शिकवले होते, ह्याच तळ्यात, पाठीवर घेऊन. घरात सायकल एकच, वडिलांची. दादा दांड्याखालून पाय घालून ती वाकडीतिकडी चालवी आणि हा मागे जीव मुठीत धरून बसे. दोघे सकाळी तळ्यात डुंबत, मग ओल्या अंगाने सायकल हाणत, आणि शाळेची घंटा ऐकू आली की सायकल भिंतीला टेकवून वर्गाकडे पळत सुटत. त्याला ट्रायथलॉन म्हणतात हे तेव्हा कुणाला ठाऊक होते? मास्तर त्याला उशीर म्हणत. ते दिवस आठवले की सायकलवाल्याला अजून गलबलून येई.

"घरचा म्हणून सूट नाही हं," तो हसत म्हणाला.

"कधी दिली होतीस? पट्टा सैल म्हणून चारचौघांत मागे धाडलं होतंस मला." हे दादा नेहमी अभिमानानेच सांगे.

हेल्मेट ठीक होते. बुचे होती. चाके सरळ फिरत होती.

"उजवा दाब." पुढचे चाक थांबले. "आता डावा."

दादाने उजवा हात पलीकडे नेला आणि त्याच हाताने डावा ब्रेक दाबला.

"असं नाही दादा. डाव्या हातानं."

"थांबलं ना चाक?"

"डाव्या हातानं दाब."

दादाने डावा हात हँडलवर ठेवला. बोटे ब्रेकवर आली आणि नुसतीच टेकून राहिली. सायकलवाल्याने हळूच सायकल पुढे ढकलली. मागचे चाक गरगर फिरत राहिले.

सायकलवाल्याला आठवले. हिवाळ्यानंतर दादा दुकानात आला होता, "डावा ब्रेक जरा जड जातोय, हलका कर" म्हणत. त्याने केबल बदलून दिली. पुन्हा आला, तेव्हा स्प्रिंग सैल केली. तिसऱ्यांदा आला, तेव्हा इतका हलका करून दिला, की करंगळीनेही दाबला जावा. उभा जन्म सायकली दुरुस्त करण्यात घालवलेल्या माणसाने प्रत्येक वेळी दोष सायकलीतच शोधला. दादाचा हात एकदाही हातात घेऊन पाहिला नाही.

"कधीपासून?" त्याने आवाज खाली आणून विचारले.

"हिवाळ्यात. झोपेतून उठलो तर हा हात आपला नव्हताच. पुष्कळ सुधारलाय आता. पोहतो मी. कडेकडेनं, पण पोहतो."

"आणि टेकडीचा उतार?"

"पुढच्या ब्रेकवर सांभाळीन."

"उतारावर नुसता पुढचा दाबलास तर हँडलवरून फेकला जाशील. हे मी तुला सांगायचं का?"

मागे रांग वाढत होती. सायकलवाल्याला वाटले, मान हलवावी आणि सोडून द्यावे. एवढे एकच वर्ष. दादाने याच्याहून मोठ्या चुका पोटात घातल्या होत्या त्याच्या. पण त्याच्या डोळ्यांपुढून तो उतार हलेना.

"दादा, मला नाही सोडता येणार."

"माहीत आहे रे." दादाने हेल्मेट काढले. "तू नापास केलंस असं नको व्हायला. लोक तुला बोलतील, नाहीतर माझी कीव करतील. मीच नाव मागे घेतो."

तो सायकल घेऊन नंबर वाटणाऱ्या टेबलाकडे गेला, रांगेत उभा राहिला आणि आपली पाळी आल्यावर त्याने नंबर परत केला. तपासणीच्या जागेला लागूनच असलेल्या कुंपणाबाहेर वहिनी उभ्या होत्या. आत फक्त स्पर्धकांना सोडत.

"भावोजी, रागावू नका," त्या म्हणाल्या. "माझं ऐकेनात. म्हटलं, तुमच्या हाताखालून जायचंच आहे, तुम्ही बघालच. म्हणून गप्प राहिले."

"मीही गप्पच राहिलो की, वहिनी. पार ब्रेक हलका करून देत राहिलो," सायकलवाला म्हणाला. त्याला रडू आवरेना, म्हणून तो पुढच्या सायकलीवर वाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा येणार नाही, असे सायकलवाल्याने धरूनच ठेवले होते. पण स्पर्धक पाण्यातून बाहेर येऊ लागले, तेव्हा काठावर पहिल्या ओळीत दादा होता. प्रत्येकाला नावाने हाक मारत होता, दंतवैद्यालाही. लोक टाळ्या वाजवत होते. दादाचा डावा हात शेजारी सरळ लोंबत होता, आणि उजव्या हाताने तो आपल्याच मांडीवर जोरजोरात टाळ्या वाजवत होता.