लाड डावीचे, दुखणं उजवीचं

मी महरीनच्या उजव्या पायाची नडगी बोलतेय. हो, उजव्याच! डावीचं कौतुक करायला सगळा मिरकरवाडा आहे.

आम्ही दोघी जुळ्या, पण मान तिला. महरीन शाळेच्या लंगडीच्या संघात आहे, आणि लंगडी घालते डाव्या पायावर. टाळ्या डावीला, मी आपली मागे दुमडलेली! जळफळाट होईल नाहीतर काय?

समुद्रकाठच्या खडकावर कालवाच्या शिंपल्याची धार लागली, तीही डाव्याच पावलाला. महरीनच्या अम्मीने, कुलसुमने, हळद भरली, फुंकर घातली, पट्टी बांधली. माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. जखम वरून सुकली, पण आत शिरलेले जंतू रक्तातून फिरत आले ते थेट माझ्याकडे. गुडघ्याखाली, मी जिथून वाढते ना, तिथे रक्त संथ वाहतं. मेल्यांनी तिथेच बिऱ्हाड थाटलं. जखम तिची आणि पू माझ्यात! हा कुठला न्याय?

पू आत कोंडला, बाहेर पडायला वाट नाही. मी ठणकू लागले. महरीनला ताप भरला. ती मला जमिनीला लावेना, घरभर डाव्या पायावरच उड्या मारू लागली.

"पुरे झाली तुझी लंगडी! अंगात ताप आहे ना?" कुलसुम ओरडली.

"खेळत नाय गं अम्मी, पाय टेकवतच नाय."

"मग मुरगळला असेल," म्हणत तिने खोबरेल घेऊन मला रगडलं. जन्मात पहिल्यांदा माझे लाड झाले, आणि पोर किंचाळली.

सकाळी गुडघ्याखाली लाल, गरम सूज. कुलसुम घाबरली, तिला उचलून दवाखान्यात घेऊन गेली. एक्स-रेत काहीच दिसलं नाही, तसा तिचा जीव भांड्यात पडला.

"इतक्या लवकर दिसतच नाही," डॉक्टर सुनेत्राबाई म्हणाल्या. "ताप आहे, पाय टेकवत नाही. हाडात पू झालाय असं वाटतं. आजच ॲडमिट करा. उशीर झाला तर हाड मरतं."

मोठी तपासणी झाली, ऑपरेशन करून पू काढला, मग कितीतरी दिवस सलाइन आणि गोळ्या.

वाचले मी. पण माझ्या वाढीच्या टोकाला धक्का लागलाय. हा पाय आखूड राहील की काय, ते आत्ताच सांगता येत नाही म्हणे. महरीन रोज पाय लांब करून बसते आणि दोन्ही टाचा जुळवून बघते. तुमचं पोर तापात पाय टेकवत नसेल, तर चोळत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आणि डावे, तुझा हेवा मी अजून करते, खोटं कशाला बोलू? पण पाया पडते गं तुझ्या, जरा हळू वाढ.