मी भरलेली आहे

मी बंदूक बोलतेय, आणि माझ्याकडे वेळ फार थोडा आहे. माझ्या पोटात तीन वर्षांपूर्वीची दारू आहे, तिच्यावर सुपारीएवढी शिशाची गोळी आहे, आणि माझ्या बुडाशी हॉबर्ट नावाचा वेल्डर गॅसची ज्योत पेटवून उभा आहे. दुसऱ्या टोकाला, अगदी माझ्या तोंडासमोर, वर्ना नळी धरून उभी आहे. मी भरलेली आहे हे दोघांनाही माहीत नाही.

ज्याला माहीत आहे तो चार पावलांवर चाकांच्या खुर्चीत बसलाय. वर्नाचा बाप, डेल्मर स्कॅग्ज. त्याची वाचा गेलीय. मला तर ती कधी नव्हतीच. तुम्हाला सांगून काही होणार नाही हे कळतं मला, पण गप्प बसवत नाही.

डेल्मरनंच मला घडवलं. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात तीस वर्षं कोळसा खणून झाल्यावर तो घरामागच्या शेडमध्ये तोंडाकडून भरायच्या बंदुका करायला लागला. गिऱ्हाईक आलं की तो आधी त्याचा हात मापायचा, खांदा चाचपायचा आणि म्हणायचा, "शिंप्याकडे आलायस असं समज, हालू नकोस." त्याच्या बंदुका सडपातळ असत, खारी नाहीतर हरणं मारायच्या. माझ्यासारखी दांडगी त्यानं कधी केली नव्हती.

मी झाले ती वर्नाच्या चिठ्ठीमुळे. तिथं एल्क नावाचं घोड्याएवढं हरीण आहे, आणि त्याच्या शिकारीचा परवाना सरकार चिठ्ठ्या टाकून देतं. लोक वीस-वीस वर्षं नाव घालतात आणि हात चोळत बसतात. वर्नाचं नाव पहिल्याच वर्षी निघालं.

"माझ्या हरणांच्या बंदुकीनं त्याला गुदगुल्या करणार का?" डेल्मर म्हणाला.

"मग मोठी करा की, बाबा."

"तुला उचलेल?"

"तुमची कंबर धरली होती तेव्हा तुम्हाला कुणी उचललं होतं?"

डेल्मर हसला, हसता हसता खोकला, आणि दुसऱ्याच दिवशी कामाला लागला.

जाड अष्टकोनी पोलाद, आणि त्यात अंगठा जाईल एवढी नळी. गोळी गिरक्या घेत सरळ जावी म्हणून आतून पीळ पाडायला त्याच्याकडे स्वतः केलेलं लाकडी बाक होतं. टोकाला दात बसवलेला गज तो माझ्यातून ओढायचा, पुन्हा घालायचा, पुन्हा ओढायचा. एका खेपेला निघणारा कीस फुंकरीनं उडून जाई. सात खाचा, प्रत्येकीला शंभरावर खेपा. मध्येच खाणीतला खोकला त्याला धरायचा. बाकावर डोकं टेकून तो खोकायचा आणि तोंड पुसून पुन्हा गज ओढायचा. मला त्याची दया यायची, आणि खरं सांगायचं तर थोडा गर्वही वाटायचा.

वादळात पडलेल्या अक्रोडाचं लाकूड त्यानं माझ्यासाठी कापलं. वर्नाला दिवसातून दहा वेळा हाक मारून दस्ता तिच्या खांद्याला लावून बघायचा. शेवटी आठवडाभर नुसत्या तळहातानं जवसाचं तेल जिरवलं. अशी माया मी नंतर कधी अनुभवली नाही.

ऑक्टोबरात आम्ही तिघं डोंगरावर गेलो. पाऊस भुरभुरत होता. वर्ना माग बघायला पुढं गेली आणि तेवढ्यात डेल्मरला खालच्या ओढ्यात एल्क दिसला. ती आली की हातात तयार बंदूक द्यावी म्हणून त्यानं मला भरलं. दारू ओतली, चरबी लावलेल्या कापडात गोळी गुंडाळून गजानं खाली ठोकली. माझ्या कुशीला ठिणगी आत जायचं बारीक भोक आहे, त्याला आम्ही कान म्हणतो. पाणी शिरू नये म्हणून त्यानं तो मधमाशीच्या मेणानं बुजवला. मग उभा राहिला, आणि उभ्या उभ्याच कोसळला.

वर्ना धावत आली. बापाला पाठीवर घेऊन ती अर्धा मैल उतरली. मला दुसऱ्या दिवशी हॉबर्टनं आणून भिंतीवर टांगलं. माझा गज गवतातच राहिला. त्या गजावर एक खूण होती. तो नळीत सोडला की बंदूक भरलेली की रिकामी ते त्या खुणेवरून कळे, आणि डेल्मर कुठलीही बंदूक हातात घेतली की आधी तेच करायचा. पण माणूस मरणाच्या दारात असताना बंदुकीची चौकशी कोण करतो? वर्नाला मी दोष देत नाही.

डेल्मर जगला. उजवी बाजू गेली, आणि सगळ्या भाषेतला एकच शब्द त्याच्यापाशी उरला. हो. भूक लागली तरी हो, राग आला तरी हो, नको असलं तरी हो. वर्ना त्याला रोज शेडमध्ये आणून बसवते. तो मान वर करून माझ्याकडे बघतो आणि "हो, हो, हो" म्हणत राहतो.

"लाडकी आहे ना तुमची?" वर्ना म्हणते. "गंजतेय बिचारी. साफ करून देईन हं."

तीन वर्षं तो तिला सावध करतोय. आणि त्या सावध करण्यामुळेच आज मी खाली उतरलेय.

सकाळी तिनं माझं लाकूड काढलं, चाप काढला. लाकूड काढलं की माणसं मला बंदूक समजत नाहीत. नळीचा एक तुकडा समजतात. जिच्या हातून बंदूक हाताळताना कधी चूक झाली नाही, ती वर्ना आज माझ्या तोंडासमोर निवांत उभी आहे. हॉबर्टनं स्वतःचा लोखंडी गज आत घातला. त्यावर खूणबिण काही नाही. तो अडला आणि बाहेर आला तो माती घेऊन.

"कुंभारीण माशीनं घर केलंय आत," तो म्हणाला. "वाळून दगड झालंय. मागचं बूच उघडूनच काढावं लागेल."

माशीनं घर केलंय हे खरं आहे. पण ते गोळीच्या डोक्यावर केलंय.

बूच हलेना. म्हणून बाकावरच्या व्हाइसच्या जबड्यात आवळून मला तापवायचं ठरलं.

"काका, पेटवू ना?" हॉबर्टनं विचारलं.

"हो," डेल्मर म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बघ, किती आनंद झालाय त्यांना," वर्ना म्हणाली.

आता बूड तापतंय. कानातलं मेण मऊ पडतंय. अरे, कुणीतरी थांबवा या माणसाला. माझ्यासारख्या नळीतून सुटलेली गोळी एल्कच्या बरगड्या फोडते, आणि समोर डेल्मरची एकुलती एक लेक उभी आहे.

खुर्ची हलली. डाव्या हातानं चाक ढकलत डेल्मर येतोय. वाटेतलं स्टूल पडलं, तेलाचा डबा पडला. त्यानं खुर्चीनंच वर्नाला बाजूला लोटलं, माझं तोंड डाव्या मुठीत धरलं आणि छाती त्याच्यावर टेकवली.

"काका, सरका, भाजेल तुम्हाला."

"राहू दे रे, जवळून बघायचंय त्यांना," वर्ना हसत म्हणाली. मग तिचं हसू थांबलं. "हॉबर्ट, बंद कर."

"आत्ता कुठं तापायला लागलीय."

"बंद कर म्हणते ना. बाबा नळीच्या तोंडासमोर बसलेत."

"मग काय झालं?"

"सात वर्षांची होते. रिकाम्या बंदुकीसमोरून गेले म्हणून त्यांनी मला कानाखाली दिली होती. त्यांनी माझ्यावर हात उचलला तो तेवढाच."

हॉबर्टनं ज्योत विझवली. पण लोखंडाची धग आत सरकतेच आहे. कानातून मेणाचा ओघळ आला, आणि त्याच्याबरोबर दारूचे दोन काळे दाणे व्हाइसवर पडले. हॉबर्ट पांढराफटक पडला.

बाकावर बर्फ घातलेल्या गोड चहाचा जग होता. वर्नानं तो अर्धा माझ्या बुडावर ओतला. वाफेनं शेड भरून गेली. उरलेला चहा तेलाच्या पिचकारीत भरून आता ती माझ्या कानात सोडतेय. दुसऱ्या हातानं बापाला मागं ओढतेय.

"सोडा, बाबा. कळलं मला. सोडा आता."

"हो," डेल्मर म्हणतो, पण मूठ सोडत नाही.

या नळीत त्यानं ओलाव्याचा थेंब येऊ दिला नव्हता. साखरेच्या पाण्यानं त्याच्या सातही खाचा आता गंजून जातील. जाऊ देत. पुन्हा माझ्यातून नेम लागला नाही तरी चालेल, भंगारात दिलंत तरी तक्रार नाही. पण वर्ना, थांबू नकोस. ओत, अजून ओत. आत तळाला अजून कोरडी दारू आहे, आणि तो समोरून हटलेला नाही.